हंगेरीची गाडी

ज्योतीरामनं दुसरं रीळ चढवलं आणि मान वर न करताच खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकले. आणखी चार जण उठून बाहेर गेले. चिंचवडच्या कारखान्यातला कामगार क्लब, गुरुवारची सुट्टी, खिडक्यांना गोधड्या बांधून केलेला अंधार, आणि पडद्यावर काय, तर हंगेरी देशातला एक म्हातारा घोडागाडीशेजारून अर्धा तास नुसता चालतोय. गाणं नाही, मारामारी नाही. बाई आहे, पण तीही म्हातारीच.

क्लबचे प्रमुख अर्जुनराव दाराशी उभे होते. त्यांनी सकाळीच बजावलं होतं,

"हॉल रिकामा झाला की तुझा सिनेमा बंद. पुढच्या महिन्यापासून इथं कॅरम."

वर्षभर पुण्यातल्या फिल्म सोसायटीत खेटे घालून ज्योतीरामनं महिन्याला एक सिनेमा मिळवला होता. आता तोही जाणार होता.

पडद्यावर म्हाताऱ्याची गाडी चिखलात रुतली. घोडा एकच, तोही हाडं वर आलेला. म्हातारा-म्हातारी मागून रेटू लागली. गाडी हलेना. कॅमेराही हलेना.

बाहेर पडायला निघालेला धोंडीबा दारात थबकला. चाकणकडचा गडी. त्याच्या गावात रुतलेली गाडी टाकून कुणी पुढं गेला, तर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नसे.

"चाकाखाली दगूड घाल की," तो पुटपुटला.

"आधी माल उतरीव म्हणावं," मागून खंडू म्हणाला.

दहा मिनिटं झाली. कुणी हललं नाही. बाहेर गेलेले चौघंही आतली कुजबुज ऐकून बिड्या विझवून परत आले. असली गाडी सगळ्यांनीच रेटली होती; तिला कंटाळूनच तर ते गाव सोडून मशीनपाशी आले होते. म्हातारी घसरून पडली, उठली, अंगावरची शाल काढून तिनं चाकाखाली अंथरली आणि पुन्हा खांदा लावला.

आणि गाडी निघाली.

अख्खा हॉल उभा राहिला. धोंडीबानं शेजारच्याला मिठीच मारली. ज्योतीरामचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

टाळ्या ओसरल्या तसा दाराकडून आवाज आला, नाटकात पद रंगल्यावर येतो तसा.

"वन्स मोअर."

अर्जुनराव होते.

"रीळ मागं न्यावं लागेल, अर्जुनराव," ज्योतीराम म्हणाला. "म्हणजे गाडी परत चिखलात घालायची."

धोंडीबानं बाह्या वर सारल्या.

"घाल की. आमी हाय."