यांची सगळ्यात चांगली नक्कल

चारचौघांत मी यांना 'अहो' म्हणते. इथे जयंत म्हणणार, आणि तेही एकेरीत. एवढी मुभा माझी मला.

जयंत बँकेतून निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्याने मॅनेजरसाहेबांची नक्कल केली, साहेबांसमोरच. साहेब हसले, मग साहेबांकडे बघून बाकीचे हसले, आणि जयंतला वाटलं, आपलं पुढचं सगळं ठरलं. घरी येताना शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन तो मला म्हणाला, "चारू, आता खूप फिरायचं. इतकी वर्षं सगळे बोलावतात, जाणंच होत नाही." सगळे बोलावत होते हे खरं. का बोलावत होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या नात्यात जयंत म्हणजे फुकटची करमणूक. उज्जैनहून जयू येतोय म्हटलं की ग्वाल्हेर असो, भोपाळ असो, नागपूर असो, जेवणं उरकून सतरंज्या पडायच्या. हा उठून उभा राहायचा, खांदा जरा पाडायचा, मान जरा वळवायचा आणि तोंड उघडायच्या आधीच लोक ओरडायचे, "अरे, हा तर अमका!"

यातली एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. गळा जयंतचा होता, डोळे माझे. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. कोण कुठे चुकतंय तेच बघण्यात माझी नोकरी गेली, आणि ती सवय काही पेन्शनबरोबर सुटत नाही. परतीच्या गाडीत मी सांगायचे आणि तो करून बघायचा. ग्वाल्हेरचे तात्या, म्हणजे जयंतचे थोरले चुलतभाऊ, आपले पणजोबा दरबारात कोण होते हे सांगायच्या आधी जिभेने कवळी वर ढकलतात. ते मी पाहिलं. माझी नणंद रजनी देवासला असते. कुणालाही निरोप देताना ती रडते आणि रडता रडता एका डोळ्याने रिक्षा आली का ते बघते. तेही मीच पाहिलं. "एक डोळा, अहो, दोन्ही नाही," असं मी देवासपासून उज्जैनच्या देवास गेट स्टँडवर उतरेपर्यंत त्याला घोकवत होते. भोपाळची अपर्णा ही माझी मावसबहीण. तिचा तरुण मुलगा गेला, तेव्हापासून ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी "चालायचंच" म्हणते. भाजीत मीठ जास्त पडलं, चालायचंच. पंखा बिघडलाय, चालायचंच. ते जयंतला मी दिलं. नागपूरला ते ऐकून लोक डोळे पुसायला लागले, इतके हसले. मला त्याचं काहीही वाटलं नाही, आजही वाटत नाही. अपर्णा ते तसंच म्हणते.

तर त्या वर्षी आम्ही ग्वाल्हेरला मुंजीला गेलो, पुण्याला लग्नाला, नागपूरला डोहाळजेवणाला, भोपाळला वास्तुशांतीला. एका घरचं दुसऱ्या घरी नेऊन वाढायचं, हा आमचा प्रवास. आणि आम्ही सगळ्यांकडे राहून आलो म्हटल्यावर सगळे आमच्याकडे राहायला आले. उज्जैनला घर असलेल्या माणसाला पाहुण्यांची कमी नसते. दर्शन महाकालाचं, अंघोळीचं गरम पाणी माधव नगरात माझ्याकडे. भैरवगढच्या छापाच्या चादरी मी त्या वर्षी इतक्यांदा धुतल्या की त्यांचा लाल रंग गुलाबी झाला.

श्रावणातल्या एका सोमवारी रजनी, तिचा मुलगा पराग आणि त्याची बायको निहारिका महाकालाच्या पालखीची सवारी बघायला आले होते. सकाळी मी पोह्यांवर शेव घालत होते. डावा हात एकाएकी माझा राहिला नाही. शेवेचा डबा पडला. "निहारिका, धर गं," असं म्हणायला गेले आणि तोंडातून भलतंच काहीतरी ओघळलं.

परागने टाळी वाजवली. "अरे वा! मामीनेही चालू केलं! तात्यामामांची कवळी! एकदम सही!"

सगळे हसले. मी पुन्हा बोलायला गेले. ते आणखी हसले. जयंत खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे कौतुकाने बघत होता. "जरा जास्त होतंय," तो म्हणाला, "पण जमतंय हं चारू!" मी ओट्याला धरून खाली बसले तेव्हासुद्धा निहारिका "बस करा मामी, पोट दुखायला लागलं," असं म्हणत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पोहे गार झाले होते, एवढं आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतना लेट क्यों लाए?"

"सवारी की वजह से रास्ते बंद थे, डॉक्टर साहब," जयंत म्हणाला.

सवारी दुपारी निघते. त्या सकाळी आमच्या गल्लीत दूधवाल्याशिवाय कुणी नव्हतं. मला ऐकू सगळं येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात त्याला माफ करून टाकलं. घाबरलाय बिचारा, म्हटलं.

डावा हात महिन्याभरात हलायला लागला. पाय ओढत का होईना, चालायला लागले. तोंडाची डावी बाजू मात्र खाली लोंबलेलीच राहिली. शब्द कसे बाहेर यायचे ते मी इथे लिहून दाखवणार नाही. ते काम यांचं.

भेटायला येणारे माझ्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. ती नजर मी लगेच ओळखली. मीही आयुष्यभर लोकांकडे तशीच बघत आले होते. एका दुपारी खोलीत जयंत एकटाच असताना मी सगळा जीव एकवटून त्याला म्हटलं, "माझी नको."

त्याला बरोबर कळलं. त्याने माझा हात हातात घेतला. "वेडी आहेस का, चारू? महाकालाची शपथ."

मला दुसरं काही मागायचं नव्हतं. उद्या चालता नाही आलं तरी चाललं असतं. पण सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या त्या माणसांपुढे माझं तोंड जायला नको होतं. ते एक सोडून देवाने माझं बाकी काहीही न्यावं, असं मला वाटत होतं.

बोलण्याचा व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती शब्द सांगून जायची आणि रोज सकाळी जयंत माझ्यासमोर स्टूल घेऊन बसायचा. "म्हण, पाणी. म्हण, दरवाजा. म्हण, रविवार." सगळ्या संसारात या माणसाने माझ्यासाठी इतका वेळ कधी काढला नव्हता. लाळ गळली तर स्वतःच्या रुमालाने पुसायचा. तोंडात घास भरवताना आई स्वतःचं तोंड उघडते ना, तसे माझ्याबरोबर त्याचे ओठ हलायचे. मला तो माणूस आवडायला लागला. उगाच कशाला लपवू, या वयात मी त्याच्या प्रेमात पडले. सकाळी उठून केस विंचरून मी त्याच्या स्टुलाची वाट बघायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जो शब्द मला यायला लागायचा, तो जयंत सोडून द्यायचा. जो येत नसायचा, तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. 'पाणी' सुटायला लागलं त्या दिवशी त्याचा चेहरा किंचित पडला होता. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, जो शब्द येत नाही तोच घोकायला हवा, बरोबरच आहे त्याचं. माझे हे डोळे, आणि त्या डोळ्यांवर मीच हात ठेवला.

डिसेंबरात त्याची एकसष्टी होती. मी म्हटलं, यंदा नको, पण हौस त्याला. तात्या ग्वाल्हेरहून आले, रजनी, पराग, निहारिका देवासहून. सकाळी होम झाला, शांत झाली. एकसष्ट दिवे लावून बायकांनी त्याला ओवाळलं. मीही ओवाळलं, एका हाताने. निहारिकाने दुसऱ्या बाजूने ताट धरलं होतं. जेवणं झाली, संध्याकाळचा चहा झाला. जयंत मला म्हणाला, "तू पड जरा आतल्या खोलीत. दमलीस." मला बरं वाटलं, काळजी घेतो म्हणून.

बाहेर सतरंज्या पडल्या. "मामा, एक तो बनती है!" परागचा आवाज आला. जयंतने तात्यांची केली, तात्यांसमोर करायची ती सौम्य, कवळी वगळून. मग बँकेच्या साहेबांची केली. हसू आलं, पण पातळ. या नकला सगळ्यांच्या पाहून झाल्या होत्या. नवं काही देणारी मी चार महिने आत पडून होते.

मग मला माझा आवाज ऐकू आला.

क्षणभर वाटलं, मीच बोलले. 'दरवाजा' म्हणत होते मी. मग 'रविवार'. मग मी कुणालातरी बाथरूमला न्यायला सांगत होते, तो शब्द नीट उमटत नव्हता म्हणून चिडत होते आणि पुन्हा सांगत होते. आधी कुणी हसलं नाही. "मामा, छी, असं नका ना करू," निहारिका म्हणाली, आणि म्हणता म्हणता तीच फुटली. मग पराग. मग तात्यांचं ते घरंगळणारं हसू. "अगं बाई, अगदी वहिनीच!" रजनी म्हणाली. इतकं हसणं त्याला वर्षभरात कुठे मिळालं नव्हतं, ग्वाल्हेरला नाही, नागपूरला नाही.

मी रडले नाही. मला एवढंच कळलं की सकाळच्या त्या स्टुलावर बसून तो मला शिकवत नव्हता, शिकत होता. मी काठी घेतली आणि उठले.

पडद्यापाशी मी दिसल्यावर सगळ्यांचं हसू बसलं. जयंत माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या तोंडाची डावी बाजू अजून खालीच होती. सरळ करायचं तो विसरला होता.

"वहिनी, तुम्ही का उठलात? आमच्या आपल्या अशाच गप्पा चालल्यात," रजनी म्हणाली.

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. परागने ती आणून दिली. मी त्याच्या बरोबर समोर बसले.

"परत करा," मी म्हटलं.

"अगं, चेष्टा गं नुसती..."

"परत. पहिल्यापासून."

मी हळू बोलते, त्यामुळे ऐकण्यावाचून कुणाला गत्यंतर नसतं. त्याने सगळ्यांकडे बघितलं. कुणी त्याच्याकडे बघेना. त्याने कसंबसं 'दरवाजा' म्हटलं आणि थांबला.

"चूक," मी म्हटलं. "डावी बाजू वाकडी होत नाही. पडते. तुम्ही वेडावल्यासारखी करताय. सोडून द्या तिला."

"चारू, नको."

"आणि लाळ राहिली. रुमाल मी उजव्या हाताने आणते. पोचतो तोवर उशीर झालेला असतो. तो उशीर दाखवा."

तात्या उठायला लागले. त्यांना एकदम गाडी आठवली होती. "तात्या, बसा," मी म्हटलं. "मघाशी बसला होतात ना?" ते बसले. त्यांनी जिभेने कवळी वर ढकलली.

जयंतने पुन्हा केली. मी सुधारली. त्याने पुन्हा केली. 'रविवार' म्हणताना डोळे आधी घाबरतात, शब्द मागून येतो, तेही सांगितलं. चौथ्या वेळी ती उतरली. माझ्यासमोर मी उभी होते, धोतर नेसलेली, कपाळाला ओवाळणीचं कुंकू लावलेली.

"आता हसा," मी सगळ्यांना म्हटलं.

कुणी हसेना. निहारिका तोंडावर ओढणी धरून रडत होती.

"का बरं? मघाशी कच्ची होती तर हसलात. आता तर जमलीय."

"मामी, प्लीज," पराग म्हणाला. "माफ करा. गलती झाली."

रजनीही रडत होती, आणि या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

सोमवारचं दर्शन करून जायचं असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. पण दर्शन न करताच, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घर रिकामं होतं. बांधून ठेवलेले लाडू ओट्यावरच राहिले. त्यानंतर कुणी राहायला आलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. पुण्याला एक लग्न झालं, त्याचे फोटो तेवढे मोबाइलवर आले. जयंत ते कितीतरी वेळ मोठे करून बघत होता.

माझं बोलणं आता जवळजवळ साफ झालंय. शिकवणारी मुलगी म्हणते, फोनवर तर कळणारही नाही. भोपाळहून अपर्णाचा तेवढा फोन आला, तिला खरंच कळलं नाही. "बरी झालीस गं, चालायचंच," म्हणाली.

जयंत हल्ली ओसरीत बसून असतो. त्याने माझी माफी मागितली, बऱ्याचदा, महाकालाच्या देवळातही. मी त्याला वेळेवर जेवायला वाढते, त्याच्या गोळ्या काढून देते. संध्याकाळचा चहा झाला की कप उचलते आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते.

"करा," मी म्हणते.

पहिल्यांदा तो हात जोडतो. मी थांबते. मला घाई नसते, आणि जायचंही कुठे नसतं. मग तो उभा राहतो, डावी बाजू सोडून देतो आणि 'दरवाजा' म्हणतो. माझ्या तोंडातून ती बाई गेली, आता ती फक्त त्याच्याच तोंडात आहे. 'रविवार'पर्यंत येता येता त्याला रडू फुटतं.

"रडणं त्यात नाही," मी सांगते. "डोळे पुसा आणि पहिल्यापासून करा."