तिसऱ्या हाकेचं बटण

परीक्षक नरसिंग सरांनी बटण दाबलं, पण बझर वाजला नाही. त्यांनी चष्म्यावरून विजयश्रीकडं पाहिलं.

"सर, तीनदा दाबावं लागतं," ती म्हणाली. "सुटं सुटं. दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं."

सरांनी तसं केलं आणि बझर वाजला. बिदरच्या त्या पॉलिटेक्निकात बाकीच्या पोरींची बटणं एका दाबात दिवे लावत होती. हिचं बटणच तेवढं मानपान मागणारं.

"कामून असं?"

कारण होतं, पण परीक्षेत सांगण्यासारखं नव्हतं. हळ्ळीखेडला तिचे अप्पा, अंकुशराव, लकव्यानं खाटेला खिळले होते. वाचा गेली, अंगही गेलं, उजव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत राहिला. आई, सुशीलाबाई, दिवसभर मागच्या गोठ्यात. म्हणून विजयश्रीनं प्रोजेक्टसाठी एक आणि घरासाठी एक अशा दोन घंट्या बनवल्या. बटण अप्पांच्या हाताशी, बझर गोठ्यात.

पण घरची घंटी आपोआप वाजायला लागली. बटण दाबलं की घंटी चालवणाऱ्या चिपच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या, पायावर शून्य येतं, सोडलं की एक यायला हवा. तो एक ठाम धरून ठेवायला रेझिस्टर, दोन तारांचा एक चिमुकला भाग, लागतो. विजयश्रीनं तो लावलाच नव्हता. मग तो पाय धड शून्य नाही की धड एक नाही, अधांतरी लोंबकळत राहिला आणि पंखा लावला तरी दचकून घंटी वाजवायला लागला.

एकदा ऐन दिवेलागणीला घंटी वाजली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. "पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, बाई. भूत एकदाच हाक मारतंय. माणूस परत मारतंय."

साऱ्या गावात हाच रिवाज. विजयश्रीही त्यातच वाढलेली. तिनं रेझिस्टर आणायचा कंटाळा केला आणि चिप बदलून नवा प्रोग्रामच घातला: तिसऱ्या दाबाला ओ. खोट्या घंट्या बंद झाल्या, आईही खूश. आपण केवढ्या हुशार, असं पोरीला वाटलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हे कळायला सरांचा पुढचा प्रश्न यावा लागला.

"पेशंटला एकदाच दाबायची ताकद असली तर, अम्मा?"

काल संध्याकाळी अप्पांचा अंगठा तिसऱ्या दाबाला घसरला होता. "जोर लावा की, अप्पा," असं ती हसत म्हणाली होती. आता त्या हसण्याची तिला शिसारी आली.

सरांनी तिचं सर्किट न्याहाळलं आणि टेबलावरचा एक रेझिस्टर उचलून तिच्या हातात ठेवला. "हा लाव. मग एका दाबावर विश्वास ठेवता येतो."

ती कशीबशी सही करून बाहेर पडली. घरात मोबाइल एकच, आणि तो तिच्याच पर्समध्ये. हळ्ळीखेडवरून जाणारी हुमनाबादची बस माणसं भरून घेत उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता आणि विजयश्रीला त्याच्या हातातला कप हिसकावून घ्यावासा वाटत होता. बस हलली तरी जीव थाऱ्यावर येईना. मन चिंती ते वैरी न चिंती. अप्पा ठसकत असतील, दाबत असतील, आणि गोठ्यात शांतता. रेझिस्टरच्या तारा तळहातात रुतल्या, तरी तिनं मूठ सोडली नाही.

घरी पोचली तर आई गोठ्यात कडबा तोडत होती.

"अगं, इतक्या लवकर? पेपर चांगला गेला का?"

"आई, घंटी वाजली का?"

"न्हाई की. एकदाबी न्हाई. निजलेत ते."

विजयश्री आत धावली. अप्पा खाटेवरून निम्मे खाली लोंबले होते, गाल भिंतीला घासलेला, ओठ कोरडे. अंगठा मात्र बटणावर होता आणि बटण दाबलेलं होतं. किती वेळ, कुणास ठाऊक. नख पांढरंफटक पडलं होतं. सोडून परत दाबायची ताकद नव्हती, म्हणून पहिलीच हाक त्यांनी धरून ठेवली होती.

मायलेकींनी त्यांना उचलून निजवलं, चमच्यानं पाणी पाजलं. अप्पांचे डोळे वाहत होते. सुशीलाबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "वाजलंच न्हाई गं. मला काईच ऐकू आलं न्हाई."

"तुजी चूक न्हाई, आई. मीच तसं करून ठेवलंय."

पहिल्या प्रोग्रामची जुनी चिप कुंकवाच्या रिकाम्या डबीत पडली होती. विजयश्रीनं ती बसवली, रेझिस्टर लावला, पंखा लावून पाहिला. घंटी गप्प राहिली. मग तिनं बझर गोठ्यातून काढून चुलीजवळ टांगला.

दिवेलागण झाली. सुशीलाबाई भाकरी थापत होती. घंटी वाजली. एकदाच.

तिचे हात परातीत थांबले. उभ्या जन्मात या वेळेच्या पहिल्या हाकेला तिनं ओ दिली नव्हती. उंबऱ्यात बसलेली विजयश्री मुद्दाम उठली नाही. घंटी पुन्हा वाजणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

"ओ," सुशीलाबाई म्हणाली. "आले, आले." आणि पिठाच्या हातांनीच ती नवऱ्याच्या खाटेकडं गेली.