जन्मतःच

गुडघे दुमडलेले, पावलं आत वळलेली, कोपरं ताठ. बाळ जन्मलं तेच असं, आणि त्याबद्दल आईची कुणाकडे तक्रार नव्हती. सांधे आवळलेले आहेत, रोज जरा जरा हलवून मोकळे करायचे, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं. "सांधा अडला की आपण थांबायचं. तो आपलं ऐकत नाही, आपण त्याचं ऐकायचं." बिचारी रोज ऐकत होती.

पाचव्या दिवशी मोठे डॉक्टर लवाजमा घेऊन आले. शिकाऊ मंडळींना दाखवायचं म्हणून त्यांनी डावा पाय धरला आणि सरळ ओढला. कट्! बाळ किंचाळलं. आई आणि तिच्या सासूबाई खाटेपाशीच होत्या. दुपारी प्लास्टर चढलं, संध्याकाळी फाइलवर ओळ आली: 'डाव्या मांडीचं हाड मोडलेलं, जन्मतःच.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटावरच्या टाक्यांची पर्वा न करता ती फाइल घेऊन डॉक्टरांच्या खोलीत घुसली आणि तिनं 'जन्मतःच' या शब्दावर बोट ठेवलं. मागून सासूबाई, "अगं, मोठ्यांच्या तोंडी लागू नये," म्हणत.

"अशा बाळांची हाडं ठिसूळच असतात, ताई."

"माहीत होतं ना? मग ओढलंत कशाला?"

"मी ओढलं नाही. आणि एका शब्दानं काय बिघडतं?"

"जन्मतःच लिहिलंत की उद्या दुसरा पाय ओढायला दुसरा कुणी मोकळा! तोही जन्मतःच मोडलेला ठरेल. माझ्या लेकराचा एकच पाय धड राहिलाय, साहेब!"

"आवाज वगैरे काही झाला नाही, तुम्हाला भास झाला असेल. बाळंतिणीचं मन हळवं असतं."

चोर तो चोर, वर शिरजोर.

"काय म्हणतोय गं हा?" सासूबाईंनी कानामागे हात धरला.

"म्हणतायत, आवाज झालाच नाही!" ती ओरडली.

सासूबाई टेबलापाशी गेल्या. "मला दारावरची बेल ऐकू येत नाही, डॉक्टर. तरी ते हाड मला ऐकू आलं. तुम्हाला नाही आलं?"

डॉक्टरांनी पेन उचललं. 'जन्मतःच' खोडून 'तपासताना' लिहिलं. 'पाय ओढू नये' हे तिनं ठळक अक्षरांत लिहून घेतलं. राग मात्र तसूभरही उतरला नाही. पलीकडच्या खोलीत बाळ अजून रडतच होतं.