समक्ष न आलेल्या माणसाची सही

मी सीमंतिनीताईंची नोटरीची मोहर बोलते आहे. त्या दुपारी संभाजीरावांच्या कागदावर मी उमटले नाही. या प्रकरणातील माझा वाटा एवढाच. मात्र मी उमटता उमटता राहिले आणि तो थरकाप अजून माझ्या पितळेतून गेलेला नाही.

माझा जन्म सहजासहजी झाला नाही. स्त्री वकिलास नोटरी होण्यासाठी निदान सात वर्षांची वकिली लागते. ताईंनी ग्वाल्हेरच्या न्यायालयात नऊ वर्षे केली. मग अर्ज केला. त्यावर दंडाधिकारी, बँकेचे व्यवस्थापक, एक व्यापारी आणि परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या सह्या हव्या होत्या. त्या रहिवाशांपैकी एक म्हणजे शेजारचे संभाजीराव. पुढे मुलाखत झाली, प्रमाणपत्र हाती आले, तेव्हा कुठे जयेंद्रगंजातील कारागिराने मला कोरले. माझ्या गोल कडेने ताईंचे नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक आहे.

मी उमटले, म्हणजे ‘हा माणूस माझ्यासमोर आला, याने माझ्यासमोर सही केली’ असे ताईंनी जगाला सांगितले. ते खोटे ठरले, तर ताईंचे प्रमाणपत्र जाते आणि मी निकामी धातू होते. हे भय मी जन्मापासून बाळगून आहे.

संभाजीरावांनी टेबलावर एक मुखत्यारपत्र ठेवले. त्यांच्या थोरल्या भगिनी शालिनीताई यांच्या किला गेटजवळील घराचे सर्व व्यवहार, विक्रीसुद्धा, यापुढे संभाजीराव पाहतील, असा मजकूर होता. खाली शालिनीताईंची सही आधीच झालेली होती.

“काका, आक्का कुठे आहेत?”

“ब्याऐंशीची आहे ती. तुझा जिना चढेल का? सही तिचीच आहे, मोहर लाव, बात खतम.”

“त्या समोर असायला हव्यात, काका.”

“वा, बेटा. तुझ्या अर्जावर सही करताना मी इतकी पूछताछ केली होती का? नोटरी झालीस आणि आम्हालाच कायदा शिकवतेस.”

 ताईंनी मला उचलले.  कागद माझ्याखाली चार बोटांवर आला. शालिनीताईंच्या सहीतील कापरी वळणे मला स्पष्ट दिसली. माणसे उपकारकर्त्याला नकार देताना जितकी घाबरतात, तितकी गुन्हा करतानाही घाबरत नाहीत, हे मला त्या क्षणी कळले. मला ओरडता येत नाही. मी केवळ जड होऊ शकते, आणि तेही मनातल्या मनात.

“जिना त्यांना चढवत नसेल, तर मी उतरते,” असे म्हणून ताईंनी मला पिशवीत टाकले. “चला काका, ऑटो करू.”

ऑटो किला गेटपाशी थांबला.

शालिनीताई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. ताईंनी कागद पुढे केला. “आक्का, ही सही तुमची?”

“माझीच. पेन्शनचा कागद आहे म्हणाला हा.”

“हा घराचा आहे, आक्का. वाचून दाखवते.”

ताईंनी शब्द न् शब्द वाचला.  शालिनीताईंनी लसणाचे ताट बाजूला सारले. “संभा, मी गेल्यावर हे घर तुझंच आहे. तोवर मला इथे झोपू दे. इतकी कसली जल्दी आहे तुला?”



तिथेच ठरले ते असे: पहिला कागद फाडावा, केवळ पेन्शनच्या कामापुरते दुसरे मुखत्यारपत्र लिहावे, घराचा त्यात उल्लेख नसावा. ते लिहून, वाचून झाल्यावर शालिनीताईंनी ताईंच्या देखत सही केली, नोंदवहीत अंगठा दिला आणि मी निर्धास्तपणे उमटले.

वाचकहो, सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या; वाचता येत नसेल, तर वाचून दाखवायला सांगा. ताईंच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण जवळ आले आहे आणि संभाजीरावांच्या ओळखी पुष्कळ आहेत, म्हणून मी अजूनही पिशवीत दचकते. त्या दिवशी नव्या कागदाला शालिनीताईंनी मान्यता दिली, ताईंनी दिली. संभाजीरावांनी सर्वांत शेवटी “ठीक है” म्हटले. पण ताईंकडे पाहून नव्हे.