ताटातले डोळे

मी एक खिडकी आहे, पण मला आजवर कुणी उघडलेलं नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना निमगाव केतकीच्या अलीकडे, उसाच्या फडांत एक लहानसं चर्च आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत मी बसलेय. मुंबईच्या एका कारागिरानं रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून मला घडवलं. दुपार कलली की माझे रंग फरशीवर उतरतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माझ्यावर काजळी चढते अन् ते रंगही मळतात.

माझ्यात संत लुसिया उभी आहे. तिच्या एका हातात खजुराची झावळी. श्रद्धेपायी जीव देणाऱ्यांची ती खूण. अंगावर पांढरा झगा, त्यावर रक्तासारखी लाल शाल. पायाशी दिवा, कारण तिच्या नावातच प्रकाश आहे. आणि दुसऱ्या हातात ताट. ताटात दोन डोळे.

ते बघून माणसं आधी दचकतात, मग मागायला लागतात. कुणाचा मोतीबिंदू, कुणाची रांजणवाडी, कुणाच्या लेकीचं तिरळेपणामुळं अडलेलं लग्न. हिंदू येतात, ख्रिस्ती येतात, मागणं एकच. ऐकून ऐकून मी थकले. मी काच आहे हो. माझ्यातून उजेड जातो, एवढंच मला जमतं.

गोजरबाई अशीच आली. चर्चशेजारी सिस्टरांचा दवाखाना आहे, तिथं तिला काचबिंदू निघाला होता. मुलगा संभाजी तिला मोटारसायकलवर घेऊन यायचा. पहिल्या दिवशी तिच्या मुठीत चांदीचे डोळे होते, देवीला वाहतात तसले.

"बाई, हिला कुणी वाहिल्यात गं हे डोळं?" तिनं सिस्टर बेनेदितांना विचारलं.

"वाहिलेले नाहीत आजी, तिचेच आहेत. छळ करणाऱ्यांनी काढले म्हणतात. काही म्हणतात, तिनंच काढून दिले."

"मग तोंडावर हायत ते कुणाचं?"

"ते देवानं पुन्हा दिले."

गोजरबाई बराच वेळ मान वर करून बघत राहिली. तेव्हा तिला रंग तरी दिसत होते. दारातून संभाजी हसून म्हणाला, "चल आई. काचंला इचारून दिसायचं व्हय? बारामतीच्या डागदरानं दिल्यात ते थेंब घाल."

थेंब ती घालायची, पण उशीर झाला होता. दर खेपेला ती माझ्यापुढं हात जोडायची आणि दर खेपेला तिला मी थोडी कमी दिसायचे. शेवटी ती कौसल्येचा, सुनेचा, हात धरून आली आणि भलत्याच भिंतीला नमस्कार करून गेली. त्या दिवशी मला खिडकी असण्याचाच वीट आला.

मग उसाला पाणी देता देता संभाजी छातीला हात लावून बांधावर बसला, तो उठलाच नाही.

पुढं महिन्याभरानं सासू-सुना आल्या. गोजरबाई फरशीवर टेकली. कौसल्या सिस्टरांना म्हणाली, "ह्ये गेल्यावर त्यांचं डोळं दान द्यायचं म्हून तुमाला फोन केला, पर त्याआधी घरात काय झालं ठावं हाय का? आबाजी, आमचं चुलतसासरं, आडवं आलं. म्हनलं, डोळं काढून दिलं तर पोरगा पुढल्या जन्मी आंधळा यील. मंग आत्याबाई उठल्या. म्हनल्या, चर्चातल्या त्या पोरीला बघा जाऊन. ताटात बी डोळं हायत, तोंडावर बी हायत. दिल्यानं माझं लेकरू आंधळं व्हत न्हाय."

"आणि आजींनी ते स्वतःसाठी नाही मागितले?"

"त्यांचा आजारच येगळा, त्यांना कुनाचं डोळं चालत न्हाईत. ठावं हुतं त्यांना."

माझा लाल रंग गोजरबाईच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. सिस्टर जवळ बसल्या तशी ती म्हणाली, "आज काय मागायला न्हाय आले बाई. बसू द्या जरा."

ती बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यापुढं कुणीतरी नुसतं बसलं होतं.

आता माझं शिसं फुगलंय. वारा सुटला की मी खुळखुळते. दुरुस्तीला मला मुंबईला न्यायचं ठरलंय. जुनी काच सगळी टिकेलच असं नाही, असं कारागीर फादरांना सांगत होता. मी नसेन तोवर इथं पत्रा लागेल. परत आले तर या. मागणं असलं तरी चालेल, पण आधी त्या ताटाकडं नीट बघा.

आज सकाळी माणसांनी मला चौकटीतून सोडवलं. दवाखान्यातून गोजरबाई सुनेचा हात धरून आली, चाचपडत माझ्या कडेला हात लावला. माणसं मला आडवी करायला लागली तशी ती कळवळून ओरडली,

"आरं, उभी धरा रं पोरीला! ताट कलंडलं तर डोळं सांडतील."

माणसं हसली नाहीत. त्यांनी मला उभी धरली आणि तशीच टेम्पोपर्यंत नेली.