डॅनरचा नकार

रोसव्होल्ड गावच्या शाळेत त्या वर्षी पहिलीला एकच मूल आलं, टिल्डा नावाची मुलगी. बाईंनी "कोण सांगेल?" म्हटलं की तिचाच हात वर, आणि लपाछपीत राज्य कायम तिच्यावरच. गावाने आधी हे हसण्यावारी नेलं. पण नाताळाच्या सुमारास गणिताचे मास्तर बिस्मार्क शहरात चांगल्या नोकरीवर निघून गेले, त्यांच्या जागी कुणी येईना, आणि हसणं थांबलं.

आर्डिस ट्वेट शाळा मंडळाची अध्यक्ष होती. पोटापाण्याला ती पोस्टात होती, त्यामुळे मंडळावर कुणाचा राग असला की तो तिकिटं घ्यायच्या निमित्ताने खिडकीशी यायचा. तिचं लग्न झालेलं नव्हतं. गावाबाहेर तिचा थोरला भाऊ ऑर्लिन सूर्यफुलाची शेती बघायचा. वहिनी गेल्यापासून तो दर रविवारी चर्च सुटलं की तिच्याकडे जेवायला यायचा.

शेजारच्या डॅनर गावाशी थोडी देवघेव आधीपासून होती. बँडचे मास्तर दोन्ही शाळांना मिळून एकच. सकाळी इथे, दुपारी तिथे, मागच्या सीटवर ट्युबाचं भलंमोठं वाद्य पट्ट्याने बांधून ते वीस मैल ये-जा करायचे. आता मंडळांनीच एक व्हावं असं बोलणं सुरू झालं. पहिली ते तिसरी दोन्ही गावांची मुलं रोसव्होल्डला, पुढचे सगळे वर्ग डॅनरला, कारण तिथली इमारत नवी. अधीक्षक एक, बसचं गॅरेज एक, स्वयंपाकघराची खरेदी एकत्र.

रविवारी आर्डिसने ओव्हनमधून खिमा-बटाट्याची हॉटडिश काढून टेबलावर ठेवली आणि ही बातमी सांगितली. ऑर्लिनने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आपली पोरं डॅनरच्या नावाने खेळणार? छातीवर मेंढा लावून?"

डॅनरच्या संघाचं निशाण मेंढा होतं, रोसव्होल्डचं गरुड. ऑर्लिन तरुणपणी गरुडांच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता.

"खेळतील तरी," आर्डिस म्हणाली. "आता कुठे खेळतात? दोन वर्षं झाली संघच नाही."

"गरुडाचा मेंढा करून टाकणार तुम्ही लोक."

"गरुडाला पिल्लंच होईनात, ऑर्लिन. मी काय अंडी उबवू?"

त्याला हसू आलं नाही. "नाव तरी नवं घ्या. दोघांचंही नको. मग बघू." एवढं बोलून तो बार्सच्या वड्या न खाताच उठला. गोड न खाता ऑर्लिन उठला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आर्डिसने ते मनाला लावून घेतलं. लहानपणापासून तसंच होतं. वडील रागावले तर ती उलट बोलायची, पण ऑर्लिन गप्प झाला की ती लगेच नमतं घ्यायची.

डॅनरच्या मंडळाची अध्यक्ष क्लॅरिस व्होगेल. ती गुरांची डॉक्टर होती आणि बैठकीला बरेचदा रबरी बुटांतच यायची. दोघींचं छान जमलं. बसचे मार्ग, शिक्षकांच्या जागा, नव्या मंडळावर कुणाचे किती लोक, सगळं भराभर उरकलं. नावापाशी मात्र गाडी अडली.

"नवं नाव, नवे रंग, नवं निशाण," आर्डिस म्हणाली. "त्याशिवाय आमच्याकडे हे व्हायचं नाही."

"आर्डिस, इमारत आमची, मुलं आमची दुप्पट," क्लॅरिसने चष्मा काढला. "इतर कशावर नाही, पण यावर आमचे लोक बिथरतील."

"आमचे लोक शाळा सोडताहेत. तुमच्यांनी नाव सोडलं तर काय बिघडलं?"

क्लॅरिसने तिच्याकडे नीट बघितलं. "हे तुमचं गाव म्हणतंय, की तुम्ही?"

"गाव म्हणतंय," आर्डिस म्हणाली.

शेवटी दोन गावांच्या मधल्या ओढ्यावरून सॉल्ट क्रीक हे नाव ठरलं. आर्डिसने मोठ्या आनंदाने ऑर्लिनला फोन केला. "बरंय," एवढंच तो म्हणाला. तरीही तो विरोधात मत देणार हे तिला त्या एका शब्दावरून कळलं.

मार्चमध्ये दोन्ही गावांत एकाच दिवशी मतदान झालं. कायदा असा की दोघांनीही हो म्हटलं तरच मंडळं एक होणार. आर्डिस महिनाभर घरोघरी फिरली होती. कॉफी पिऊन पिऊन तिला छातीत जळजळ सुटली होती. जिच्याबरोबर ती शाळेत शिकली त्या मैत्रिणीने तिच्या तोंडावर दार लावलं होतं. पण संध्याकाळी चर्चच्या तळघरात मोजणी झाली तेव्हा रोसव्होल्ड हो म्हणालं. थोड्याच मतांनी, पण हो. दोन-तीन बायका रडल्या. कुणीतरी कॉफीचं भांडं पुन्हा चढवलं.

तेवढ्यात क्लॅरिसचा फोन आला. "आमच्याकडे पडलं, आर्डिस. बरंच पडलं. मला लाज वाटते."

आर्डिसने खोलीत वळून सगळ्यांना तसंच सांगितलं. कुणीतरी कॉफीखालची आच बंद केली. मग मागून ऑर्लिनचा आवाज आला.

"नाही म्हणाले? आपल्याला?"

"तूसुद्धा नाहीच म्हणालास ना रे."

"माझं वेगळं. मी घरचा आहे!"

पुढचे कित्येक दिवस तो खिडकीशी येऊन धुमसायचा. पत्र घ्यायला नाही, नुसताच. "समजतात कोण हे स्वतःला? आपली पोरं काय खरजेची आहेत?" रांगेतले लोक माना डोलवायचे. ज्यांनी विरोधात मत दिलं होतं तेच सगळ्यांत जास्त दुखावले होते. एका दुपारी पोस्टात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा आर्डिसच्याने राहवलं नाही.

"नावामुळे पडलं, ऑर्लिन. क्लॅरिसने मला आधीच बजावलं होतं. बाकी सगळं त्यांना चालत होतं."

"मग धरून कशाला बसलीस?"

"तू म्हणालास म्हणून. त्यांना मी सांगितलं, गाव म्हणतंय."

"मी?" तो खरंच गोंधळला. "मी जेवताना काहीतरी बोललो. जेवताना माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

"तू बार्स नाही खाल्लेस."

ऑर्लिनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "म्हणजे मी अट घातली, तू ती गावाच्या नावावर खपवलीस, आणि मी वर विरोधातच मत दिलं."

"हो."

"छान," म्हणून तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला, जेवला, दोन बार्स खाल्ले, पण विषय काढला नाही.

मंडळं एक झाली नाहीत तरी गणिताला मास्तर हवाच होता. क्लॅरिस आणि आर्डिसने मतदारांना न विचारता जे करता येईल ते करायला घेतलं. डॅनरच्या गणिताच्या बाई आठवड्यातून दोनदा रोसव्होल्डला येऊ लागल्या. रोसव्होल्डचे अधीक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा न भरता डॅनरच्याच अधीक्षकांकडे दोन्ही शाळा दिल्या. स्वयंपाकघरांनी सामान एकत्र मागवलं. डॅनरच्या पहिलीतली पोरं शुक्रवारी बसने येऊन टिल्डाच्या वर्गात बसायची, कारण त्यांच्या खोलीत गर्दी होती आणि इथे बाकं रिकामी होती. कुणाचं काही वाईट झालं नाही. लोकांना हळूहळू सवय झाली.

हिवाळ्याच्या तोंडावर डॅनरने पुन्हा मतदान घ्यायचं का यावर आपल्या शाळेच्या व्यायामशाळेत सभा ठेवली. आर्डिस निघाली तर ऑर्लिन दारात ट्रक सुरू ठेवून बसलेला. "बस. रस्त्यावर बर्फ आहे," एवढंच म्हणाला.

सभेत आर्डिस बोलली, क्लॅरिस बोलली. मग ऑर्लिन न विचारता उठला आणि माईकपाशी गेला. माईक त्याने जरा लांबच धरला.

"मी ऑर्लिन ट्वेट, रोसव्होल्डचा. तुमचं नाव तुम्ही ठेवा. मेंढाही ठेवा. नाव बदलायची अट माझ्या बहिणीने माझ्यासाठी घातली होती, गावासाठी नाही. मला तो मेंढा आवडत नाही आणि आवडणारही नाही. पण मी काही आता फुटबॉल खेळत नाही."

कुणीतरी हसलं. मागून एक जण ओरडला, "काका, तुम्ही मत काय दिलं होतंत?"

"नाही म्हणून. गाढवपणा केला."

यावर मात्र अख्खी व्यायामशाळा हसली. आर्डिस खाली मान घालून बसली होती. तिच्या खोट्याचा असा उघड्यावर पंचनामा होईल असं तिला वाटलं नव्हतं. क्लॅरिसने तिच्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या मतदानात डॅनर सहज हो म्हणालं. रोसव्होल्ड मात्र कसंबसं म्हणालं. ट्वेट भावंडांनी गावाचं नाव परस्पर देऊन टाकलं असं बरेच जण बोलत होते, आणि आर्डिसला त्यांना खोटं म्हणता येईना. निदान लहानांच्या शाळेवर रोसव्होल्ड हे नाव राहील, एवढं तिने लिहून घेतलं होतं.

मग एकत्र मंडळाची निवडणूक आली. आर्डिस उभी राहिली आणि पडली. पडली ती आपल्याच गावात. ऑर्लिन उभा नव्हता, पण डॅनरच्या लोकांनी मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीत त्याचं नाव लिहिलं आणि तो निवडून आला.

"मी नाही म्हणून सांगतो," तो तिला म्हणाला.

"खबरदार. नाही म्हणून एकदा झालंय तुझं."

ती हसली खरी, पण त्या दिवशी तिने पोस्टाची खिडकी लवकर बंद केली आणि मागच्या खोलीत टपालाच्या पोत्यांवर बराच वेळ बसून राहिली. मंडळाच्या कामाने तिची बारा वर्षं खाल्ली होती. सुटका झाली असं तिला वाटत होतं, आणि काहीतरी हातातून हिसकावून घेतल्यासारखंही वाटत होतं.

पहिल्या बैठकीनंतरच्या रविवारी ऑर्लिन आला तो बडबडतच. "पाऊण तास! नुसत्या बसच्या एका थांब्यावर पाऊण तास घातला. आणि ती क्लॅरिस, सगळं ऐकून घेते आणि मग म्हणते, आता ऑर्लिन सांगतील. मी काय सांगणार?"

"आधी बूट काढ," आर्डिस म्हणाली.

त्याने बूट काढले. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"थांबा कुठला? ओढ्याजवळचा?"

"तोच."

"तिथे वसंतात पाणी चढतं. चर्चच्या कोपऱ्यावर घ्या."

ऑर्लिन खाता खाता थांबला. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं. "बरं, मग? त्या थांब्याचं पुढे काय झालं?"