मल्हारीशेठच्या वेबसाइटवरचा मानपान

चातुर्मासात कुणाला उणं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. म्हणून आमच्या लेकीने, रूपालीने वेब डिझाइनचं काम कसं सुरू केलं ते सांगताना मी सगळ्यांचं चांगलंच सांगणार.

आधी द्वारका चौकातल्या कॉम्प्युटर क्लासचं. टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर तो चालायचा. तिथले सर फार दयाळू. एका कॉम्प्युटरपुढे चार मुली बसवायचे, म्हणजे वीज कमी आणि सत्संग जास्त. शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र दिलं. नोकरीचं विचारलं तर हात जोडून म्हणाले, "ज्ञान दिलं, आता संधी तुमची तुम्ही शोधा." गीतेतही साधारण हेच आहे.

आमचे हेही तसे शांत. रूपाली इंटरनेटसाठी फोनची तार कॉम्प्युटरला लावून बसली की घरचा फोन बंद. फोन लागेना म्हणून यांच्या बहिणीला वाटायचं, इंदिरानगरला राहायला जाऊन आम्ही माणसांतून उठलो. तरी हे कधी ओरडले नाहीत. फक्त बी.एड.चा फॉर्म आणून टीव्हीवर ठेवला आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुझं काम पसंत करणारं एक गिऱ्हाईक दाखव. नाहीतर फॉर्म भर. कॉम्प्युटर मी विकून टाकतो."

गिऱ्हाईक देवाने निफाडहून पाठवलं. मल्हारीशेठ. त्यांची द्राक्षं परदेशी जातात. तिकडच्या कुणा व्यापाऱ्याने वेबसाइट आहे का विचारलं, तर शेठनी "छापायला टाकलीय" असं ठोकून दिलं होतं.

रूपालीने मन लावून केली. पांढऱ्या पानावर द्राक्षाचा एक घड, खाली इंग्रजीत चार ओळी. देवघरात समई लावावी तसं दिसत होतं.

शेठनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "ताई, माणसं कुठंयत?"

"कोणती माणसं, काका?"

"आमची!" त्यांनी खिशातून लेकीची लग्नपत्रिका काढली. "ह्याच्यावानी करा. वर कुलदैवत, मग समदे भाऊबंद, मग मामा."

"परदेशातला माणूस तुमचे मामा कशाला बघेल?"

"त्याने नाय बघितले तरी चालंल. पण मामाला नाय दिसले तर? त्यांच्या विहिरीवर बाग हाय माझी!"

रूपाली स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायला लागली. मी वाती वळत होते. म्हटलं, "अगं, देवळात सभामंडप असतो आणि गाभारा असतो. भाऊबंद मंडपात बसव. परदेशी पाहुण्याला सरळ गाभाऱ्यात ने."

तिने दोन दारं केली. इंग्रजी दारातून थेट द्राक्षं. मराठी दारातून लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ, सरकती अक्षरं आणि सगळी भाऊबंदकी, फोटोंसकट.

दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी शेठ जीपभर माणसं घेऊन उद्घाटनाला आले. मॉनिटरला हार घातला, नारळ बाहेर पायरीवर फोडला. मी सगळ्यांना चहा दिला. मराठी दार उघडलं. फोटो एकेक करून वरून खाली येऊ लागले. सगळे कौतुकाने बघत होते, तोवर सगळ्यांत खाली शेठचे थोरले चुलते वाल्मीकअण्णा उमटले.

अण्णांनी कप खाली ठेवला. "मल्हारी, मी पुंजाच्या खाली?"

पुंजा म्हणजे त्यांचा धाकटा पुतण्या. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"आजोबा, नावं अक्षरांप्रमाणे लावलीत," रूपाली म्हणाली. "आधी प, मग म, शेवटी व. क्लासमध्ये असंच शिकवलं."

"अक्षराला काय कळतंय? माझ्या मांडीवर मुतलेलं पोरगं हाय ते!"

अण्णा उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांच्यामागे सगळे गेले. पुंजाही गेला, मात्र चहा संपवून. शेठ दारात म्हणाले, "ताई, तुम्ही घर फोडलं माझं. नको मला तुमचं काम."

यांनी टीव्हीवरचा फॉर्म टेबलावर आणून ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

दसऱ्याला सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर फाटकात अण्णा उभे.

"पोरगी हाय का घरात? म्हणावं, मला माझी वेगळी कर. वर देव, खाली मी."

रूपाली धावत आली. "आणि मल्हारीकाका?"

"कुठंच नको."

"पुंजाकाका?"

"त्याला घे. पार खाली."

निफाडला ही बातमी पोचायला आमच्या फोनची गरज पडली नाही. दुपारी पुंजा आपट्याची पानं घेऊन आला. त्यालाही स्वतःची वेबसाइट हवी होती, काकाच्या खाली राहायला तो काय लहान होता? दिवेलागणीला मल्हारीशेठ आले. घर फोडल्याचं विसरून म्हणाले, "ताई, काम पसंत हाय आपल्याला. फक्त दोघांपेक्षा मोठी करा." परदेशी व्यापाऱ्याला ती आवडली का, हे विचारायचं सगळ्यांकडून राहूनच गेलं.

यांनी आपण होऊन कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. मग बी.एड.चा फॉर्म उलटा केला, त्याच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची नावं लिहायला बसले आणि पेन उचलून थांबले.

"आधी कुणाचं लिहू गं?"

"आधी अण्णांचं, बाबा," रूपाली म्हणाली. "आणि कागद कुणाला दाखवू नका."